शाळा पाडण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या दारात एक पत्र येऊन पडलं. शिकागोजवळच्या आमच्या उपनगरातली जुनी प्राथमिक शाळा उन्हाळी सुट्टीत पाडणार आहेत. काम कधी सुरू होणार, अ‍ॅस्बेस्टॉस आधी कसं काढणार, धुळीवर पाणी कसं मारणार, तक्रार कुठे करायची, सगळं त्यात होतं. मी ते फ्रिजवर लावलं आणि विसरलो.

त्याच आठवड्यात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ आला. सातारा जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा पाडायला घेतली होती. नव्या इमारतीसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढलेली, त्यात माझेही पैसे होते. दोघं जण छपरावर चढून सिमेंटचे पत्रे घणाने फोडत होते आणि खाली पाचवी-सहावीची पोरं तुकडे उचलून रचत होती. ग्रुपवर 'श्रमदान' म्हणून कौतुक चाललं होतं. मीही टाळ्या टाकल्या. मग पाणी प्यायला उठलो आणि फ्रिजवरचं पत्र परत दिसलं.

आपले जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचेच. अखंड, चांगल्या स्थितीतल्या पत्र्याचा धोका कमी. पण तो फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. त्यातून कॅन्सर व्हायला २० ते ४० वर्षं लागू शकतात. तोवर ते श्रमदान कुणाच्या लक्षात राहणार?

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने शाळांना कुठे अ‍ॅस्बेस्टॉस आहे याची नोंद ठेवावी लागते आणि पालकांनी मागितली तर दाखवावी लागते. सार्वजनिक इमारत पाडायची तर आधी तपासणी आणि कामाचे १० दिवस आधी सरकारला कळवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे असे पत्रे बनवायला आणि विकायला आजही बंदी नाही.

पण इथेही सगळं आलबेल आहे असं नाही. ११ एप्रिल २०२० ला शिकागोच्या लिटल व्हिलेज भागात बंद पडलेल्या क्रॉफर्ड वीजकेंद्राची जवळपास पावणेचारशे फुटी चिमणी स्फोटाने पाडली. कोरोनामुळे माणसं घरात कोंडलेली, आणि धुळीचा लोट सगळ्या वस्तीवर पसरला. पुरेसं पाणी मारलंच नव्हतं. वस्ती बहुतेक मेक्सिकन कामगारांची. कागदावर नियम होते, जागेवर ते पाळले गेले नाहीत.

म्हणून मी बाबांना फोन लावला.

"अरे, त्याच पत्र्याखाली तू शिकलास, काय झालं तुला?" बाबा म्हणाले.

"बाबा, पत्र्याखाली बसणं वेगळं आणि तो फोडणं वेगळं. निदान पोरांना तरी बाजूला करा."

मग त्यांना नीट सांगितलं: पत्रे आधी पाण्याने भिजवायचे. फोडायचे नाहीत, बोल्ट सोडवून अख्खे खाली उतरवायचे. कामगारांना साधा रुमाल चालत नाही, घट्ट बसणारे पी-१०० फिल्टरचे मास्क द्यायचे. तुकडे ओले करून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधायचे. झाडू मारायचा नाही.

दोन दिवसांनी बाबांनी फोटो पाठवला. उरलेल्या तीन वर्गांचे पत्रे भिजवून अखंड उतरवले होते, पोरं कुठे दिसत नव्हती. ठेकेदार कुरकुरला म्हणे, दोन दिवसांची मजुरी वाढली. ती आम्ही देऊ म्हटलं.

पहिल्या दोन वर्गांचा चुरा मात्र तोवर मैदानाच्या भरावात गेला होता. तिथेच उद्या पोरं कबड्डी खेळणार. त्यावर जाड मातीचा थर टाकायचा की तो काढून न्यायचा, हे जिल्ह्याच्या अभियंत्यांना विचारलंय. उत्तर येईपर्यंत मैदान बंद ठेवा, असं मुख्याध्यापकांना कळवलंय.

तुमच्याही गावची शाळा नवी होत असेल, तुम्हीही वर्गणी देत असाल. पैसे पाठवण्याआधी एकदा विचारा, जुनी कशी पाडणार?