पडद्यासमोरची तालीम

नागपूरच्या लकडगंज भागातून सकाळी चालत निघालात, तर या भागाला हे नाव का पडले हे कोणाला विचारावे लागत नाही. आरा मशीनचा कर्कश आवाज, भुशाचा वास आणि रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले लाकूड. एक घनफूट सागवान साधारण १८ किलोग्रॅम भरते. ते जमिनीवरून उचलून दीड मीटर उंचीवर ठेवायचे म्हणजे १८ × ९.८ × १.५, म्हणजे सुमारे २६५ ज्यूल कार्य झाले. हमाल हे दिवसातून शेकडो वेळा करतो. त्याला कोणी ‘व्यायाम कर’ असे सांगत नाही.

याच लकडगंजात, लाकडाच्या वखारींपासून पाच मिनिटांच्या अंतरावर एका इमारतीत माझा भाचा राहतो. इयत्ता आठवी, वजन ४० किलोग्रॅम. गेल्या मे महिन्यात त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर हातात एक नियंत्रक घेऊन टेनिस खेळत होता.

‘‘मामा, हा बसून खेळायचा गेम नाही. यात व्यायाम होतो. आईला सांगा ना तुम्ही!’’

मी पाहिले, तर स्वारी दिवाणावर लोडाला टेकून बसलेली. फक्त मनगट हलत होते, आणि गुण मात्र भराभर वाढत होते. मी त्याची नाडी मोजली. खेळापूर्वी मिनिटाला ८४ ठोके होते, अर्ध्या तासाच्या ‘टेनिस’नंतर ९०.

आता तुम्ही म्हणाल, मुलगा लबाड आहे. तो आहेच. पण त्याची लबाडी यंत्राला का कळली नाही, हा प्रश्न अधिक मजेदार आहे.

अंग हलवून खेळायचे व्हिडिओ गेम काही कालचे नाहीत. पायाखालच्या पाटावर संगीताच्या तालात पावले टाकण्याचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ हा खेळ जपानमधील कोनामी कंपनीने १९९८ साली आणला. २००६ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने तो शाळांमधून बसवण्याचे ठरवले. त्याच वर्षी निन्टेन्डो कंपनीचे ‘वी’ हे यंत्र आले. त्याच्या नियंत्रकात त्वरण मोजणारा एक संवेदक बसवलेला होता. आज तुमच्या घरातल्या स्मार्टफोनमध्येही त्याच जातीचा संवेदक असतो.

हा संवेदक म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेली, केसाहूनही बारीक स्प्रिंगांवर टांगलेली एक सूक्ष्म पट्टी. बस अचानक सुटली की उभा प्रवासी मागे पडतो ना? तशीच ही पट्टी नियंत्रक हलला की किंचित मागे राहते. तिच्या बोटांसारख्या कडा शेजारच्या स्थिर बोटांच्या जवळ जातात किंवा दूर होतात, त्यामुळे त्यांच्यामधील विद्युत धारिता बदलते. हा बदल मोजला की त्वरण कळते. पहिल्या ‘वी’चा संवेदक गुरुत्वत्वरणाच्या सुमारे तिप्पट त्वरण मोजू शकत असे.

नीट लक्षात घ्या, मोजले जाते ते त्वरण. कार्य नव्हे, घाम तर नव्हेच.

आता हिशेब करू. भाच्याचा पंजा पाव किलो, नियंत्रक दीडशे ग्रॅम, मिळून ०.४ किलोग्रॅम. मनगटाच्या झटक्याने हे वस्तुमान एक दशांश सेकंदात सेकंदाला ३ मीटर वेग घेते असे धरा. त्वरण झाले ३०, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ तिप्पट. गतिज ऊर्जा मात्र जेमतेम १.८ ज्यूल.

उलट एखाद्या प्रामाणिक मुलीने उभे राहून खांद्यापासून पूर्ण हात फिरवला आणि पंज्याने ०.३ सेकंदात सेकंदाला ६ मीटर वेग घेतला. त्वरण आले २०, म्हणजे झटक्यापेक्षा कमी. पण तिने २ किलोचा अख्खा हात हलवला. हात म्हणजे एका टोकाला फिरणारी सरळ काठी असे मानले, तर नियंत्रकासह गतिज ऊर्जा सुमारे १५ ज्यूल येते. ऊर्जा आठपट, पण संवेदकाच्या वहीत नोंद कमी! आणि ४० किलोच्या मुलाने नुसती १५ सेंटिमीटर उंच उडी मारली तर? ४० × ९.८ × ०.१५, म्हणजे जवळजवळ ५९ ज्यूल. एका उडीची बरोबरी करायला मनगटाचे तीसहून अधिक झटके हवेत.

२०१० साली मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले. त्याने ही पळवाट बरीचशी बुजवली. हे यंत्र डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या ठिपक्यांची जाळी खोलीत पसरत असे. वस्तू जवळ असेल तर ठिपका एका बाजूला सरकतो, दूर असेल तर दुसऱ्या. त्या सरकण्यावरून अंतर काढायचे आणि खेळाडूचे गुडघे, कोपर, खांदे कोठे आहेत ते ओळखायचे. लोडाला टेकून बसलेला माणूस त्याला चक्क बसलेलाच दिसे. दुर्दैवाने २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले. माझ्या मते ते फार लवकर थांबवले. असो.

मग या खेळांनी व्यायाम होतो की नाही? विश्रांतीच्या वेळी शरीर दर किलोग्रॅम वजनामागे तासाला साधारण १ किलोकॅलरी खर्च करते. या खर्चाला १ मेट म्हणतात. ३ मेटपासून पुढे मध्यम श्रम आणि ६ पासून पुढे जोरदार श्रम धरतात. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींना ‘वी’वरील टेनिस, बोलिंग आणि मुष्टियुद्ध खेळायला लावून त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार बसून खेळण्याच्या मानाने हा खर्च किमान दीडपट निघाला. पण खऱ्या मैदानावरील त्याच खेळांपेक्षा तो कमीच होता, आणि आठवड्याच्या एकूण खर्चात त्याने पडणारी भर दोन टक्क्यांहूनही कमी होती.

२०१२ साली अमेरिकेतून आणखी एक निष्कर्ष आला. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना हे यंत्र घरी दिले. काहींना हालचालीचे गेम दिले, काहींना बसून खेळायचे. सर्वांच्या कमरेला हालचाल मोजणारी उपकरणे बांधली. काही आठवड्यांनी पाहिले, तर दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक नाही! जागतिक आरोग्य संघटना तुमच्या वयाला दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. नुसते यंत्र घरात आल्याने ती होत नाही, एवढे यावरून दिसते.

तरीही मी भाच्याच्या आईकडे यंत्र बंद करण्याची शिफारस केली नाही. कारण मे महिना होता.

विदर्भातला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश. म्हणजे भर दुपारी उष्णता शरीरातून हवेत जायच्याऐवजी हवेतून शरीरात येते. ४ मेटचा खेळ खेळताना ४० किलोच्या मुलाचे शरीर सुमारे १८५ वॉट खर्च करते आणि त्यातला बहुतेक भाग उष्णताच होतो. ती बाहेर टाकायला घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम घाम सुमारे २४०० ज्यूल घेऊन जातो, म्हणजे एवढ्यासाठीच तासाला पाव लिटरहून अधिक घाम हवा. बाहेरून येणारी उष्णता वेगळीच. अशा वेळी मैदानावर लंगडी किंवा आट्यापाट्या खेळायला पाठवणे धोक्याचे. सकाळ-संध्याकाळ मैदान आणि दुपारी पडद्यासमोरची तालीम, ही विभागणी मला पटते.

फक्त नियम आम्ही बदलले. दिवाण मागे सरकवला. नियंत्रक हातात न धरता कमरेला पट्ट्याने घट्ट बांधला, आणि उडी मारून खेळता येईल असा गेम लावला. मनगटाला आता काही करता येईना. कमर हलवायची म्हणजे सारे शरीर हलवावे लागते. दहा मिनिटांनी नाडी १४८! बोलता येत होते, पण गाणे म्हणता येत नव्हते. मध्यम श्रमाची ही घरगुती खूण. तुम्हीही करून पाहा. पंधरा सेकंद ठोके मोजून चारने गुणा. एकदा बसून खेळल्यावर मोजा, एकदा उभे राहून, आणि एकदा संध्याकाळी मैदानावर खो-खो खेळल्यावर. तिन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

बाराव्या मिनिटाला भाचा घामाने निथळत थांबला. ‘‘मामा, कूलर चालू आहे तरी घाम सुकत का नाही हो?’’ मी खोलीभर पाहिले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने दार आणि खिडक्या गच्च लावून घेतल्या होत्या. कूलर पाण्याची वाफ आत आणत होता आणि दमट हवेला बाहेर जायला वाट नव्हती. उठून समोरची खिडकी उघडली. गरम वाऱ्याबरोबर आरा मशीनचा आवाज आत आला, आणि त्याच्या पाठीवरचा घाम सुकू लागला.