तागा उलगडणारे हात

राजापुरात पावसाळा आला की सगळ्यांचे डोळे जवाहर चौकाकडे लागतात. अर्जुना आणि कोदवली या नद्या चढू लागल्या की बाजारपेठेतला माल माळ्यावर जातो. कापडाच्या दुकानात तागे घट्ट गुंडाळून एकावर एक रचले जातात. पाणी ओसरल्यावर गिऱ्हाईक येतं आणि बारीक बुट्ट्यांचं कापड मागतं. कापड दुकानातच असतं, पण बुट्टे ताग्याच्या आतल्या वेढ्यात. गड्याने वर चढावं, तागा खाली घ्यावा, चार वेढे सोडावेत, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाच्या बोटांना कापड लागतं.

पेशीपुढेही हीच अडचण आहे. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो मावतो मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढ्या केंद्रकात. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळावर १४७ अक्षरजोड्या, म्हणजे जेमतेम पावणेदोन वेढे. या रिळाला न्यूक्लिओसोम म्हणतात, आणि अशा कोट्यवधी रिळांचा जो गठ्ठा होतो ते क्रोमॅटिन. शाळेच्या पुस्तकात डीएनएची उघडी शिडी दाखवतात, ते चित्र मला खटकतं. पेशीत ती शिडी अशी मोकळी क्वचितच सापडते.

कुठलं जनुक कधी चालू करायचं हे ठरवणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. प्रत्येकाला डीएनएवरचा ठरावीक मजकूर ओळखता येतो. पण तो मजकूर रिळाच्या वेढ्यात दबला असेल तर बहुतेकांना तिथे बसता येत नाही. नुसता पत्ता बरोबर असून भागत नाही, कुणीतरी दार उघडावं लागतं.

ते काम करणारी यंत्रं आधी सापडली यीस्टमध्ये, पाव फुगवणाऱ्या त्याच बुरशीत. १९८४च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या हाती असं यीस्ट लागलं होतं, ज्याला साखर आंबवणं जमत नव्हतं. बिघडलेल्या जनुकांचा माग काढता काढता ‘स्विस्निफ’ हे मोठं प्रथिनसंकुल उजेडात आलं. १९९४ मध्ये परीक्षानळीत दिसलं की हे संकुल आणि एटीपी हे इंधन दिलं, तर गॅल४ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर रिळावरच्या डीएनएलाही चांगला चिकटतो. ही यंत्रं डीएनए कापत नाहीत. एटीपी जाळून एक-दोन अक्षरांच्या पावलांनी ती डीएनए रिळावरून सरकवतात, कधी रीळच काढून टाकतात. घरमाशीहून लहान अशा फळमाशीत अशाच यंत्रांच्या जनुकांना ‘ब्रह्मा’ आणि ‘किस्मत’ अशी नावं आहेत. पेशीचं पुढे काय व्हायचं ते या जनुकांवर अवलंबून असतं, तेव्हा ही नावं मला समर्पक वाटतात.

पण गड्याला तरी कसं कळावं, की कुठला तागा काढायचा? वेढ्यात दबलेल्या मजकुरावर बसता येत नाही, या नियमाला काही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर अपवाद असतात. यकृत घडताना लागणारा फॉक्सए गुंडाळलेल्या डीएनएलाही पकडू शकतो. आधी तो बसतो, मग इतरांसाठी जागा होते.

डीएनए सरकवणारे हे गडी बिघडले तर परिणाम गंभीर होतात. माणसाच्या कर्करोगांपैकी सुमारे एकपंचमांशात स्विस्निफ कुळातल्या एखाद्या जनुकात दोष आढळतो.

उघडण्याइतकंच बंद ठेवणंही गरजेचं असतं. त्याचं एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या शुभा टोळे यांच्या गटाने तेव्हा पुण्याच्या आयसरमध्ये असलेल्या संजीव गलांडे यांच्या साथीने २०१७ मध्ये उंदराच्या वाढत्या मेंदूवरचं काम प्रसिद्ध केलं. एलएचएक्स२ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर फेझएफ२ आणि सॉक्स११ या जनुकांच्या नियंत्रक भागांवर बसतो, आणि क्रोमॅटिन आवळणाऱ्या ‘न्युर्ड’ संकुलातल्या प्रथिनांना धरतो. एलएचएक्स२ नसला की त्या दोन जनुकांपाशी हिस्टोनवर ‘चालू’ असल्याच्या खुणा वाढतात, आणि मेंदूच्या बाह्यकातल्या पाचव्या थरात एका विशिष्ट प्रकारच्या चेतापेशी जास्त तयार होतात. एलएचएक्स२ जास्त प्रमाणात दिला, तर त्या पेशी घटतात.