पृथ्वीप्रदक्षिणा आणि हरवलेला एक दिवस

मंडळी, पृथ्वी गोल आहे हे विद्वानांना मॅगेलनच्या आधीही ठाऊक होतं. मग त्या सफरीनं आपल्याला नवं काय दिलं? आज एवढंच पाहू.

२० सप्टेंबर १५१९. स्पेनच्या सानलुकारहून ५ जहाजं निघाली, माणसं सुमारे २५०. त्यांतली ३ जहाजं पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पॅसिफिकमध्ये शिरली. समुद्र अंदाजापेक्षा फारच मोठा निघाला. ३ महिने २० दिवस ताजं अन्न नाही. सोबतचा पिगाफेटा लिहून ठेवतो, की बिस्किटांचा भुगा झालेला, त्यात किडे आणि उंदरांच्या मुताचा वास. पाणी पिवळं, नासलेलं. डोलकाठीच्या आडव्या वाशांवरचं चामडं ४-५ दिवस समुद्रात भिजवून, निखाऱ्यावर भाजून खाल्लं. हिरड्या सुजून माणसं मेली. मॅगेलन स्वतः २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपीन्समधल्या माक्तानच्या लढाईत पडला. ६ सप्टेंबर १५२२ला एल्कानोनं 'व्हिक्टोरिया' परत आणली, तेव्हा तिच्यावर उरले होते १८ युरोपीय.

परतताना केप व्हर्द बेटांवर एक गंमत झाली. यांच्या हिशेबानं बुधवार, बेटावर मात्र गुरुवार! पिगाफेटानं तर रोज नोंद ठेवलेली. मग चुकलं कोण? कोणीच नाही. सतत पश्चिमेकडे जाताना यांचा प्रत्येक दिवस किंचित लांबत गेला आणि पूर्ण फेरीत एक सूर्योदय कमी मोजला गेला.

म्हणजे बघा, 'आज कोणता वार?' हा प्रश्नसुद्धा 'कुठे?' विचारल्याशिवाय पुरा होत नाही. हे आपण घरबसल्या शिकतो. त्यांनी ते चामडं खाऊन शिकलं.