बर्डीवरचे कंपाउंडर

मागच्या महिन्यात नागपुरात बर्डीवरच्या एका दवाखान्यात काउंटरवरच्या पोराने एका बाईंचा रिपोर्ट सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात वाचून दाखवला. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला त्यांचा आजार कळला. त्या मान खाली घालून निघून गेल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

या पोराच्या जागी पूर्वी कंपाउंडर असायचा, डॉक्टरांच्या हाताखाली औषध बनवून देणारा. १९४८चा फार्मसी कायदा आला. औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे गेलं, पण डॉक्टरांना आपल्या पेशंटला औषध देण्याची मुभा राहिली आणि कंपाउंडर त्या आडोशाला टिकला.

मला आठवतं ते ऐंशीचं दशक. बर्डीवरच्याच एका गल्लीतला आमचा दवाखाना, जाळीमागे कंपाउंडरकाका. बाटलीत लाल मिक्श्चर ओतायचं, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती बाटलीवर खळीने चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. खलात गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या. शेजारी काचेच्या सिरिंजा उकळत असायच्या. टीबीची औषधं ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे आणि तसल्या पेशंटचं नाव कधी मोठ्याने पुकारायचे नाहीत. आमच्या आईने शेजारणीच्या दुखण्याची चौकशी केली, तर म्हणाले, “वहिनी, ते डॉक्टरसाहेबांना विचारा.” ही शिस्त त्यांना कुठल्या कॉलेजाने नाही, डॉक्टरांनी लावली होती.

१९८६मध्ये मद्रासला एचआयव्हीचं निदान झालं. त्या धास्तीने पुढे काचेच्या सिरिंजा गेल्या. तयार सिरपांनी मिक्श्चर संपवलं. काही कंपाउंडर खेड्यात जाऊन सलाईन लावत ‘डॉक्टर’ झाले. त्यांना माफी नाही. पण त्यांच्या नावाने बोंब मारणाऱ्या डॉक्टरांनीच त्यांना तुटपुंज्या पगारावर राबवलं आणि शिकवलं मात्र अर्धवट, हेही विसरता येत नाही.

२०२१मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, फिजिशियन असोसिएट यांचं शिक्षण, नोंदणी, आचारसंहिता, सगळं त्यात आलं. बारावी होऊन थेट काउंटरवर बसलेलं पोर मात्र त्यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. तेच बीपी मोजतं, तेच पेशंटचे रिपोर्ट स्वतःच्या मोबाइलवर मागवतं. त्याला दोष तरी किती द्यायचा? दारावर पाटी डॉक्टरांची आहे, फी तेच घेतात. पेशंटचा कागद पेशंटच्याच हातात द्यायचा, हे त्याला पहिल्या दिवशी सांगायला त्यांना कुठल्या कायद्याची वाट बघायची आहे?