शाळेचे अंगण आणि गावाचे हात



प्राथमिक शाळा म्हणजे चार भिंती, फळा व हजेरीपत्रक एवढेच नव्हे. शाळेभोवतालची मोकळी जागा, तेथील झाडे व मुलांचे क्रीडांगण हीदेखील शाळाच होय. ही जागा राखण्याचे व सुधारण्याचे काम गावकऱ्यांच्या स्वयंसेवेने कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हिंगणा तालुक्यातील शाळा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असले, तरी विदर्भातील कोणत्याही गावास ते लागू पडावे.

प्रथम क्रीडांगणाची आवश्यकता. आपल्याजवळच वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली व तीतून मूलोद्योग शिक्षणाची कल्पना देशापुढे आली. हाताने काम करीत शिकणे हे तिचे सूत्र होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे अंगणवाडीचा प्रयोग आरंभला, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. लहान मूल मोकळ्या जागेत हालचाल करीत शिकते, ही गोष्ट या दोन्ही प्रयत्नांच्या मुळाशी आहे. लंगडीने तोल येतो, आट्यापाट्यांनी डाव ओळखण्याची दृष्टी येते, डाबडुबलीने झाडाशी मैत्री जडते. मात्र डाबडुबलीस झाड लागते व आट्यापाट्यांस जागा लागते. ज्या गावात दोन्ही नाहीत, तेथील मुलास हे खेळ केवळ ऐकून ठाऊक राहतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानेही शाळेस क्रीडांगण आणि भिंत किंवा कुंपण असावे, असे आपल्या अनुसूचीत नमूद केले आहे.

आता श्रमदानाविषयी. ही कल्पना आपल्या भागास नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले श्रीसंत गाडगेबाबा गावात शिरताच हाती खराटा घेत, आणि दिवसा रस्ता स्वच्छ केल्यावर रात्री कीर्तनास उभे राहत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला व ग्रामसफाईस सामुदायिक प्रार्थनेच्या जोडीस बसविले. त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी व ग्रामआरोग्य यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. पुढे शासनाने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू केले. २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी वरुड, कोरेगाव व अंबाजोगाई या तालुक्यांतील गावकऱ्यांनी ४५ दिवस श्रमदान केले. भर उन्हात सकाळ-संध्याकाळ कुदळ चालविण्यास आपला शेतकरी मागे हटत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

असे असता शाळेच्या अंगणातील झाडे का टिकत नाहीत? तालुक्यातील शाळांना भेटी देताना पावसाळ्यात लावलेली रोपे पुढील जूनमध्ये क्वचितच दिसतात. याचे कारण आळस नव्हे. शाळेचे वर्ष आणि झाडाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, हे खरे कारण आहे. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावे लागतात, पण तेव्हा शाळेस सुटी असते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, तोवर पावसास प्रारंभ झालेला असतो. मुले जुलैत हौसेने रोपे लावतात व मार्चपर्यंत पाणी घालतात. पुढे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्या एप्रिल-मे महिन्यांत रोपास पाण्याची सर्वाधिक गरज असते आणि नेमके तेव्हा शाळेस कुलूप असते. ही पोकळी शिक्षक एकट्याने भरू शकत नाही. ती गावानेच भरली पाहिजे. वृक्षारोपणाच्या दिवशी शंभर माणसे जमण्यापेक्षा उन्हाळ्याच्या साठ दिवसांत आळीपाळीने रोज दोन माणसे येणे अधिक मोलाचे आहे. गावकऱ्यांकडे मागावयाचे ते हेच.

कामास हात घालण्यापूर्वी जागेची खातरजमा करणे अगत्याचे आहे. क्रीडांगण म्हणून वापरात असलेली जागा कोणाच्या नावे आहे, हे तलाठ्याकडील सातबाऱ्यावरून पाहावे. जागा शाळेची, ग्रामपंचायतीची की गायरान, हे कळल्यावाचून कुंपण घालू नये. गायरान असल्यास ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घ्यावा व पुढील परवानगी महसूल खात्याकडे मागावी. सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणी २८ जानेवारी २०११ रोजी दिलेल्या निर्णयात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी राज्यांना निर्देश दिले आहेत, हे ग्रामसभेच्या ध्यानी आणून द्यावे. कागदावर नोंद नसलेले मैदान एखाद्या बांधकामाखाली केव्हा जाते, हे गावास कळतही नाही. आणि एकदा गेलेले मैदान परत मिळत नाही.

क्रीडांगण तयार करताना आपल्या मातीचा स्वभाव लक्षात घ्यावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात चिखल धरते. म्हणून दगड वेचून, जमीन सारखी करून तिच्यावर मुरुमाचा थर द्यावा, पाणी मारावे व रूळ फिरवावा. मैदानास सुमारे शंभर फुटांस एक फूट असा बेताचा उतार ठेवल्यास पाणी साचत नाही. खो-खोचे पूर्ण मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, तर पुरुषांच्या कबड्डीचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. लहान मुलांस याहून कमी जागा पुरते. जागा अपुरी असल्यास एकाच मैदानावर दोन्ही खेळांच्या रेषा आखाव्यात. झोके बांधावयाचे असल्यास त्यांखाली वाळूचा जाड थर अवश्य द्यावा.

झाडे कोठे लावावीत, यालाही शास्त्र आहे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेस असतो, म्हणून मैदानाच्या पश्चिम कडेस लावलेल्या झाडांची सावली खेळणाऱ्या मुलांवर पडते. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ, आवळा, बेल ही आपल्या हवापाण्यास सरावलेली झाडे निवडावीत. वड-पिंपळ भिंतीपासून दूर लावावेत. गुलमोहर लवकर वाढतो खरा, परंतु त्याच्या फांद्या वादळात मोडतात, म्हणून खेळाच्या जागी तो नसावा. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल असावा आणि त्यात माती व कुजलेले शेणखत भरावे. बुडास बारीक छिद्र पाडून वात घातलेले मडके रोपाजवळ पुरल्यास पाणी थेंबाथेंबाने मुरते व थोड्या पाण्यात काम भागते. संत्र्याच्या बागा जगविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हे अधिक सांगावयास नको. उलट शिक्षकाने त्यांच्याकडून शिकावे, आणि तोच मुलांसाठी परिसर अभ्यासाचा पाठ व्हावा.

लावलेले राखणे हा मुख्य प्रश्न. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास आपल्या उन्नतीस आरंभ केला. त्यांच्या पंचसूत्रीत श्रमदानाच्या जोडीस कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आहेत. लावणारे हात आणि तोडणारी सवय एकाच गावात नांदत असतील, तर श्रम वाया जातात, हा त्यातील बोध आहे. म्हणून शाळेच्या अंगणात शेळ्या न सोडण्याचा निर्णय गुराखी व शेळीपालक यांना समोर बसवून, त्यांच्या चाऱ्याची सोय विचारात घेऊन करावा. केवळ काटेरी कुंपणावर विसंबू नये.

नागपूरच्या शेजारामुळे आपल्या तालुक्याचा एक भाग झपाट्याने शहरी झाला आहे. हिंगणा व वानाडोंगरी येथे आता नागरी स्वराज्य संस्था आहेत, आणि औद्योगिक वसाहतीभोवतालच्या वस्त्यांत दूरदूरची कामगार कुटुंबे राहतात. तेथे मोकळी जागा थोडी व मुले पुष्कळ. अशा ठिकाणी लहानसा रिकामा कोपराही उपयोगी पडतो. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात १९४७ पासून आल्डो व्हान आइक या वास्तुशास्त्रज्ञाने पडीक जागांवर साधी क्रीडांगणे रचली. पुढील तीन दशकांत त्यांची संख्या सातशेच्या घरात गेली. आपल्या गल्लीतही मैदान व्हावे म्हणून तेथील रहिवासी नगरपालिकेस पत्रे लिहीत. वस्तीतील पालकांनी एकत्र येऊन असा लेखी अर्ज करणे, हीदेखील स्वयंसेवाच होय.

शेवटी तीन पथ्ये सांगतो. पहिले, श्रमदान ऐच्छिकच असावे. रोजमजुरी बुडवून कोणी येऊ नये. पाळीने काम करणाऱ्यांनी सोयीची वेळ द्यावी आणि ज्यांची परिस्थिती बरी आहे, त्यांनी कुदळीस हात लावण्यात कमीपणा मानू नये. गरिबाने खणावे व इतरांनी पाहावे, यास श्रमदान म्हणत नाहीत. दुसरे, मुलांवर जड कामे लादू नयेत. रोपाची देखरेख व उंचीची नोंद एवढे त्यांच्याकडे द्यावे. तिसरे, तयार झालेले मैदान मुलींचेही आहे. व्यवस्थापन समितीत कायद्याने निम्म्या स्त्रिया असतात. खेळाच्या वेळा ठरविताना त्यांचे मत प्रथम घ्यावे, अन्यथा मोठी मुले मैदान व्यापतात व मुली कडेला उभ्या राहतात.

प्रत्येक मुख्याध्यापकाने मार्च महिन्यातील समितीच्या सभेत उन्हाळ्याच्या पाण्याची पाळी नावानिशी लिहून घ्यावी व तिची प्रत शाळेच्या दारावर लावावी. जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा जिवंत रोपे मोजून त्यांची संख्या त्याच कागदावर लिहावी. आपल्या गावाने काय केले, हे त्या आकड्यावरून लहान मुलासही वाचता येईल.