पापणीच्या मुळाशी

मुलीच्या डोक्यात शाळेतून उवा आल्या, हे शेजारणीला सांगताना आपल्याकडे कुणी आवाज खाली आणत नाही. आई गॅलरीत बसते, मुलीला पुढ्यात घेते, बारीक दातांची फणी फिरवते आणि सापडलेली ऊ दोन नखांमध्ये चिरडते. मात्र डॉक्टरांनी ‘हिच्या पापण्यांत उवा आहेत’ असं सांगितलं, की त्याच आईचा चेहरा उतरतो. आधी तिला ते खरंच वाटत नाही. मग दबक्या आवाजात ती विचारते, ‘डोळ्यात तर नाही ना गेल्या?’

नेत्रतज्ज्ञ म्हणून मी या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देते. नाही, ऊ डोळ्याच्या आत शिरत नाही. ती पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी चिकटून बसते, तिथल्या कातडीतून रक्त पिते आणि केसावर अंडी घालते. नजरेला सहसा धक्का लागत नाही. उपचार सोपे आहेत, स्वस्त आहेत. अडचण येते ती निदानाची. ते झालेलं नसतं म्हणून लोक अनेक आठवडे डोळे चोळत राहतात.

ही ऊ डोक्यातली नव्हे. माणसाच्या अंगावर तीन प्रकारच्या उवा जगतात. एक डोक्यातली, दुसरी कपड्यांच्या शिवणीत राहून अंगाला चावणारी आणि तिसरी जांघेच्या केसांतली. पापण्यांत जवळजवळ नेहमी ही तिसरीच सापडते. शास्त्रीय नाव थिरस प्यूबिस. लिनियसनं १७५८ साली तिची नोंद केली. लांबी जेमतेम एक ते दोन मिलिमीटर, अंग रुंद आणि चपटं, मागच्या दोन पायांच्या जोड्यांना जाड आकडे. भिंगाखाली ती हुबेहूब खेकड्यासारखी दिसते.

तिचा मुक्काम या आकड्यांनी ठरवला आहे. डोक्यावरचे केस दाट असतात. या उवेला जाड आणि एकमेकांपासून थोडे दूर असलेले केस लागतात, म्हणजे एका केसाला धरून दुसऱ्यावर पाय टाकता येतो. जांघ, काख, दाढी, छातीचे केस आणि पापण्या ही तिची ठिकाणं. लहान मुलांच्या अंगावर असे केस नसतात. त्यामुळे मोठ्यांकडून आलेली ऊ मुलाच्या पापणीत थांबते. उडी मारणं किंवा उडणं तिला जमत नाही आणि चालते तीही अगदी सावकाश. अंगाला अंग लागल्याशिवाय ती सहसा दुसऱ्याकडे जात नाही. माणसापासून सुटली तर एक-दोन दिवसांत मरते. घरातल्या मांजरावर किंवा कुत्र्यावर संशय घेऊ नये, कारण माणसाची ऊ त्यांच्या अंगावर जगत नाही.

या उवेचं जवळचं नातं गोरिलाच्या उवेशी आहे. दोघींच्या जनुकांची तुलना करून २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की त्यांच्या वाटा सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. आपल्यासोबत इतका काळ राहिलेल्या किड्यासाठी एखाद्या घरानं स्वतःला दोषी धरावं, हे मला पटत नाही.

आता लक्षणं. पापणीची कड खाजते, रात्री जास्त. डोळा लाल होतो, जळजळतो, सकाळी चिपडं येतात. खाज उठते ती उवेच्या लाळेमुळे. शरीराला त्या लाळेचं वावडं निर्माण व्हायला वेळ लागतो, म्हणून लागण आणि खाज यांच्यात काही आठवडे जाऊ शकतात. कडेवर तांबूस-तपकिरी कण दिसतात. ती उवेची विष्ठा आणि सुकलेलं रक्त. कधी कानापुढची गाठ सुजते.

ही सारी लक्षणं दुसऱ्या दहा आजारांतही असतात, आणि घोळ इथेच होतो. डोळे आले असं समजून प्रतिजैविकाचे थेंब दिले जातात. ऊ जिवाणू नाही, त्यामुळे तिला काही होत नाही. ॲलर्जी समजून स्टिरॉइडचे थेंब दिले, की चार दिवस बरं वाटतं, लाली ओसरते आणि रुग्ण तीच बाटली दुकानातून पुन्हा आणतो. याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. डॉक्टरांना न विचारता स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. उवेनं नजर गेली नसती, ती या बाटलीनं जाऊ शकते.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती पापणीच्या कोंड्याशी. कोंडा केसाच्या बुडाशी सैल पडलेला असतो, ओल्या कापसानं पुसला की निघतो. लीख निघत नाही. मादी अंडं केसाला जणू सिमेंटनं चिकटवते. ते मोत्यासारखं चमकतं, तिरकं बसतं आणि केसाच्या एका बाजूला असतं. डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म जीवही पापण्यांच्या मुळांत राहतो, पण त्याच्या कोंड्याचं केसाभोवती चारही बाजूंनी कडं तयार होतं. कोकणात किंवा गुरांजवळ राहणाऱ्यांच्या पापणीला कधी गोचीड चिकटते. ती एकटी असते, रक्त पिऊन फुगते आणि तीळ किंवा चामखीळ वाटते.

खरी परीक्षा स्लिट लॅम्पवर. हनुवटी टेकवून बसायचं ते यंत्र. साध्या डोळ्यांना ऊ सहसा दिसत नाही, कारण ती अर्धपारदर्शक असते आणि कातडीच्या रंगात मिसळून जाते. सोळा किंवा पंचवीस पट मोठं करून बघितलं, प्रकाशाची पट्टी केसांच्या मुळांवर तिरकी धरली आणि घाई केली नाही, तर अचानक ‘खपली’ हलते. प्रकाश नकोसा होऊन ऊ पाय आवळते. एकदा हे पाहिलं की विसरता येत नाही. पण ओपीडीत साठ माणसं ताटकळत असतात, आणि नजर बुबुळाकडे आधी जाते, पापणीच्या कडेकडे नंतर, किंवा जातच नाही. खाज दोन आठवड्यांत थांबली नाही, तर ‘पापण्यांची मुळं मोठी करून बघाल का?’ असं डॉक्टरांना रुग्णानं विचारावं. त्यात काही वावगं नाही. तपासणीला जाताना काजळ मात्र घालू नये, त्यानं मुळं झाकली जातात.

उपचाराचा पहिला भाग हाताचा आहे. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून बारीक चिमट्यानं एकेक ऊ उचलायची. ती केसाला घट्ट धरून असते, म्हणून कधी केसही सोबत येतो. लिखा फार असतील तर पापण्या मुळाशी कापतात. त्या पुन्हा उगवतात, दोनेक महिन्यांत. मूल अगदी लहान असेल, धरून ठेवता येत नसेल, तर थोडी भूल देऊन हे काम करावं लागतं.

दुसरा भाग मलमाचा. डोळ्यांसाठी बनवलेलं पेट्रोलियम जेलीचं जाडसर मलम दिवसातून दोन ते चार वेळा पापणीच्या कडेला लावायचं, आठ ते दहा दिवस. त्यानं उवेची श्वासाची छिद्रं बुजतात. अंड्यांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. अंडी साधारण आठवड्याभरात फुटतात, म्हणून दोन दिवसांत खाज गेली तरी मलम थांबवायचं नाही. फार पसरलेलं असेल तर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजन पाहून, आठवड्याच्या अंतरानं दोनदा देतात. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेल्या याच औषधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. १५ किलोंहून कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ते देत नाहीत.

डोक्यातल्या उवांचं औषध पापणीला लावू नका. पर्मेथ्रिन, रॉकेल, कापूर घातलेलं तेल यांतलं काहीही नाही. बुबुळ भाजतं.

यानंतरचं बोलणं अवघड असतं. ऊ कुणाकडून तरी आलेली असते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना तपासावं लागतं. मोठ्यांमध्ये ती बहुधा शरीरसंबंधातून येते. म्हणून जोडीदारावरही त्याच वेळी उपचार हवेत आणि दोघांची गुप्तरोगांची चाचणी व्हावी. मुलाच्या बाबतीत डॉक्टरची जबाबदारी दुहेरी होते. आईबापांच्या कुशीत झोपल्यानं, कधी एकाच टॉवेलनं तोंड पुसल्यानं ऊ मुलाकडे येऊ शकते, म्हणून ती सापडली की लगेच कुणावर बोट ठेवू नये. लैंगिक अत्याचाराची शक्यता मात्र मनातून काढून टाकायची नसते. मुलाशी शांतपणे बोलायचं, अंगावर इतर खुणा आहेत का ते पाहायचं, बालरोगतज्ज्ञांना सोबत घ्यायचं. असा गुन्हा कळला तर पोलिसांना सांगणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. तपासणीच्या खोलीत मला सगळ्यात जड जातात ते हेच प्रश्न. ते गिळून टाकण्याचा अधिकार मला नाही.

घरी करायचं काम थोडं आहे. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, आतले कपडे कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. धुता न येणारी वस्तू, मुलाचा कापडी भालू वगैरे, पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवायची. घरभर औषध फवारायची गरज नाही.

आठवड्यानं पुन्हा बोलावते, नंतर आणखी आठवड्यानं. दुसऱ्या खेपेला मूल बहुतेक स्वतःच हनुवटी टेकवतं. दिव्याच्या पट्टीत केसांना चिकटलेली रिकामी टरफलं दिसतात, झाकण उघडलेली. आई मागून विचारते, ‘आहेत का अजून?’ मी तिला माझ्या खुर्चीवर बोलावते आणि दुसऱ्या डोळ्याच्या पापण्या तिलाच बघू देते.