मत नाही, पण म्हणणं आहे!

परिसर अभ्यासाच्या तासाला मी विचारलं, "नगरपालिका काय काय करते?" सगळे एका सुरात ओरडले, "पाणी सोडते, दिवे लावते, कचरा उचलते!" तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण आपल्याला काही सांगायचं असेल तर कुणाला सांगायचं?"

"घरच्या मोठ्यांना सांग," असं मी म्हणणार होते. पण ओठांवर आलेलं तसंच गिळलं. तुमच्याएवढी असताना मीही एका कचेरीच्या खिडकीपाशी गेले होते. "मोठ्या माणसाला पाठव," एवढंच उत्तर मिळालं. हिरमुसून परत आले, ते अजून आठवतं.

खरं आहे, मतदानाला १८ वर्षं पूर्ण लागतात आणि नगरसेवक व्हायला २१. पण मत नसलं म्हणून म्हणणं नसतं का? संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला. त्याचं १२ वं कलम सांगतं, की मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांचं म्हणणं ऐकून घ्यावं, त्यांचं वय आणि समज पाहून त्याला महत्त्व द्यावं. भारतानं १९९२ साली हा करार मान्य केला.

आता आपल्या पुण्याचंच पाहा. पुणे महापालिकेनं २००६ साली नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. आपल्या भागात पदपथ हवा, दिवे हवेत की बाक हवेत, हे नागरिकांनी अर्ज भरून सुचवायचं. कर्नाटकात २००६ पासून मुलांच्या ग्रामसभा घेण्याची पद्धत पडली. तिथं गावातली मुलं पंचायतीपुढे आपले प्रश्न मांडतात. फ्रान्समधल्या शिल्टिगहाइम गावात तर १९७९ सालीच मुलांची नगरपरिषद स्थापन झाली. आणि अमेरिकेतल्या बोस्टन शहरानं २०१४ मध्ये चक्क १० लाख डॉलर कशावर खर्च करायचे, हे तरुण मुलामुलींना ठरवू दिलं! १२ वर्षांच्या मुलांनासुद्धा त्यात मत होतं, बरं का!

मग घोडनदीकाठच्या शिरूरमध्ये किंवा भीमाकाठच्या दौंडमध्ये आपण काय करू शकतो? दोन्हीकडे नगरपरिषद आहे. पुढचं सोपं आहे, फक्त नेटानं करायला हवं.

घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. कुठं रस्ता ओलांडताना भीती वाटते, कुठं अंधार असतो, कुठं खेळायला जागा नाही, तिथं खूण करा. वर्गात सगळ्यांचे नकाशे शेजारी ठेवा. ज्या ठिकाणी सगळ्यांत जास्त खुणा, तो तुमचा पहिला प्रश्न. मग गुरुजींच्या किंवा बाईंच्या मदतीनं मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा. "रस्ता खराब आहे" असं मोघम नको. कोणता रस्ता, कोणत्या दुकानासमोर, किती वाजता अडचण होते, ते लिहा. एक प्रत आपल्या भागातल्या नगरसेवकांना द्या. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका! पोच नसेल, तर नंतर विचारायचं कशाच्या आधारावर?

आणखी एक युक्ती सांगते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्याआधीच अंदाजपत्रक ठरतं. म्हणून मोठ्या कामाची सूचना दिवाळीच्या आसपासच द्या.

सगळ्याच मागण्या मान्य होतील असं नाही. घरात नाही का, आई म्हणते, "या महिन्यात दप्तर, पुढच्या महिन्यात बूट"? गावाचंही तसंच. पैसा मोजका असतो. पण "नाही" म्हणताना "का नाही" हेही सांगायला हवं. तेवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि पालकहो, तुम्हाला एक विनंती. मूल अर्ज घेऊन निघालं, तर त्याच्या हातून कागद काढून घेऊ नका. त्याच्याबरोबर जा, पण खिडकीपाशी बोलू द्या त्यालाच. आज खिडकीवरून हिरमुसून परतलेलं मूल १८ व्या वर्षी मतदान केंद्रावर कुठल्या उमेदीनं जाईल?

काय मग, नकाशा कधी काढताय?